शेवटच्या पानावरचं कुंकू

याडी, उद्या सकाळी आठ वाजता नागपूरच्या विमानतळावर जायला दारात गाडी येणार आहे. तिथून मी आणि तुझी नात व्हिएतनाम नावाच्या देशात आठ दिवस फिरायला जाणार आहोत. जाणार होतो, असं लिहावं लागेल कदाचित. आत्ता दुपारचे तीन वाजलेत. मी दारव्ह्याच्या घरात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आहे, पलीकडे खाटेवर दोन बॅगा उघड्या पडल्या आहेत आणि पंख्याखाली दोन पासपोर्ट वाळत ठेवले आहेत. पासपोर्ट म्हणजे तुला कसं सांगू? रेशनकार्डापेक्षा लहान, निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक असतं. ते जवळ असलं तरच परदेशात पाय ठेवता येतो, नाहीतर आपण कोण हे तिथं कोणी ऐकून घेत नाही. या दोन्ही पुस्तकांच्या शेवटच्या पानावर आज कुंकू आहे, आणि ते मी लावलंय. तीस वर्षं पोरांना शिकवलेल्या, 'पुस्तकावर डाग पाडू नका' म्हणून पोरांचे कान पिळलेल्या बाईनं!

तुझ्याशी मी घरी आपल्या बंजारा बोलीत बोलायची, आईला याडी म्हणणाऱ्या. शाळेनं मला मराठी लिहायला शिकवलं आणि आपल्या बोलीत मी कधी एक ओळही लिहिली नाही, म्हणून तुझं बोलणंही इथं मराठीतच येईल. त्याचा राग मानू नकोस. तुला वाचता येत नव्हतं हे विसरून मी लिहितेय, यावरूनच माझ्या डोक्याचं काय झालंय ते ओळख.

पोरगी तीन दिवसांपूर्वी नागपूरहून आली ती चार पानांची यादी घेऊन. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नाही. गोळ्यांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ नावाची. तिथल्या भिंतीतल्या खाचांना आपला प्लग बसत नाही, म्हणून वेगळा प्लग. तिकीट, हॉटेल, व्हिसा, विमा या सगळ्यांच्या दोन-दोन प्रती, एक तिच्याकडे, एक माझ्याकडे, आपण हरवलो तर. मी म्हटलं, आपण दोघीच, हरवू कशा? ती म्हणाली, "आई, तू दारव्ह्याच्या बाजारात हरवतेस." खोटं नाही ते. मग तिनं माझी बॅग उघडून पाहिली. मी जवसाची चटणी, शेंगदाण्याचे लाडू, दोन किलो चिवडा, भाकरीसाठी ज्वारीचं पीठ आणि एक लहान तवा भरला होता. तवा हातात धरून ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. "याडीच्या लेकी," ती म्हणाली, "आपण फिराले चाललो, कापूस वेचाले नाही." आणि हसली. खरंखुरं, दात दाखवून हसली. मी तवा मुकाट्यानं जागेवर ठेवून आले. त्या हसण्यासाठी मी चूलही सोडून गेले असते.

का ते सांगते. ती दोन वर्षांची होईपर्यंत तू तिला पाहिलंस, मग तू गेलीस. ती आता एकतिसाची आहे. तिचं लग्न झालं आणि मोडलं. मोडण्याआधी ती दोनदा माझ्याकडे आली होती, आणि दोन्ही वेळा मीच तिला समजावून परत पाठवलं. थोडं सांभाळून घे म्हटलं, सगळ्यांचंच असं असतं म्हटलं. तिसऱ्यांदा ती आली तेव्हा मी काही समजावायच्या आत मागच्या खोलीत गेली आणि आतून कडी लावली. चौदा महिने, याडी. जेवायला बाहेर यायची, ताट धुऊन ठेवायची, परत कडी. तुझे जावई त्याआधीच गेले होते, त्यामुळे घरात मी आणि ती कडी. कडीचा आवाज ऐकला की माझा जीव टांगणीला लागायचा, आणि ऐकू आला नाही की त्याहून जास्त. पुढे तिला नागपूरला नोकरी लागली, ती हळूहळू माणसात आली. आणि या उन्हाळ्यात एक दिवस फोनवर म्हणाली, "आई, मले समुद्र पाहायचा आहे. हिरवा असतो म्हणते तिकडं. तू येशील का?" तिनं काही मागितल्याला चार वर्षं झाली होती. मी म्हटलं, येते. कुठे, कसं, मला काही विचारावंसं वाटलं नाही.

तिच्या यादीत पहिल्याच पानावर तीन रेघा मारून लिहिलं होतं: पासपोर्टला पाणी, तेल, डाग काही लागू द्यायचं नाही. तिच्या ऑफिसातल्या एकीच्या पासपोर्टवर लहान मुलानं पेनानं रेघोट्या ओढल्या, तर तिला विमानतळावरून घरी पाठवलं होतं. पान खराब म्हणजे पासपोर्ट खराब. हे तिनं मला तोंडानंही सांगितलं, आणि मी, "मले काय लहान पोरगी समजतेस का?" म्हणून उलट तिलाच झापलं.

आज सकाळी ती यवतमाळला गेली. माझ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणायची होती आणि तो प्लग दारव्ह्यात मिळाला नाही. जाताना म्हणाली, मी येईपर्यंत बॅगेला हात लावू नको. मी बॅगेला हात लावला नाही. पासपोर्ट घेऊन बसले. नुसता पाहायला. माझा फोटो कसा चोरासारखा आलाय ते पाहून हसले, पानं उलटत शेवटच्या पानावर गेले, आणि तिथं वडिलांच्या नावाखाली तुझं नाव होतं. इंग्रजीत, छापील. पोलीस चौकशी झाली, पुस्तक टपालानं घरी आलं, तरी मी ते पान कधी नीट पाहिलंच नव्हतं. तू तांड्यापासून दारव्ह्याच्या बाजारापर्यंत आणि वर्षातून एकदा देवीच्या जत्रेपर्यंत, एवढीच फिरलीस. आपले पूर्वज बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखांतून गेले म्हणतात, पण तुझ्या वाट्याला लोकांच्या शेतातला कापूस आला. आणि आता तुझं नाव समुद्रापार चाललं होतं. मी रडले. मग उठले, देव्हाऱ्यातला करंडा आणला. मी स्वतः कुंकू लावत नाही हल्ली, पण करंडा आहे. दोन्ही पासपोर्ट पाटावर मांडले. माझ्या पासपोर्टवर तुझ्या नावापाशी हळद लावली, कुंकू लावलं. पोरीच्या पासपोर्टवर तिच्या आईचं नाव आहे, म्हणजे माझं, तिथंही लावलं. वर अक्षता टाकल्या. बोट ओलं होतं, तू करायचीस तसं. हे करताना मला एकदाही ती तीन रेघा मारलेली ओळ आठवली नाही. खोटं वाटेल, पण नाही आठवली. हात आपोआप चालले. हात तुझे होते.

ही रीत मूळ आपल्या तांड्याची नव्हती हे मला आता कळतं. ज्या कुणब्यांच्या शेतात तू कापूस वेचायला जायचीस, त्यांच्या घरी तू ती पाहिलीस आणि तुला ती फार आवडली. ते बैलांना लावायचे, विळ्याला लावायचे, नव्या वहीला लावायचे. तू मात्र हद्द केलीस. घरात येणाऱ्या किंवा घरातून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला तू लावायचीस. नवी घागर, माझ्या वडिलांची सायकल, माझं दप्तर, एसटीचा पास. कागदाचा तर तुला विशेष धाक होता. वाचता येत नाही म्हणजे त्याच्या आत काय आहे कळत नाही, मग निदान त्याला खूश करून ठेवावं, असं तुझं काहीतरी असणार. लाइटच्या बिलालासुद्धा लावायचीस! वायरमन हसायचा.

अक्षता झाडल्या तेव्हा माझ्या ध्यानात आलं. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ते खोटं नाही, मी पाटावर बसले होते तरी सरकली. फोटोच्या पानावर प्लास्टिक असतं, शेवटच्या पानाला ते नाही, साधा कागद आहे. तो पीत गेला. कोरड्या फडक्यानं पुसलं तर पसरलं. मग मला कुठून बुद्धी झाली, मी कापूस साबणाच्या पाण्यात बुडवून फिरवला. साबण लागला की हळद लाल होते, हे मी चौथीच्या वर्गाला दर वर्षी स्वतः करून दाखवायची. पोरं टाळ्या वाजवायची. आज पिवळं होतं तेवढंही लाल झालं. पोरीच्या पासपोर्टवर माझं नाव आता धुक्यातून दिसल्यासारखं दिसतंय आणि पान फुगलंय. माझ्या पासपोर्टवर तुझं नाव थोडं बरं आहे. मला विचारशील तर उलट व्हायला हवं होतं.

तेव्हापासून मी या टेबलाशी बसले आहे. काय काय मनात आणलं ते सांगते, तुझ्यापासून काय लपवू. वाटलं, सांगावं छतातून पाणी गळलं, पण तीन आठवडे पाऊस नाही. वाटलं, दोन्ही पासपोर्ट विहिरीत टाकावे आणि चोरी झाली म्हणावं. वाटलं, छातीत दुखतंय म्हणून झोपून राहावं, म्हणजे जाणं माझ्यामुळे राहिलं तरी माझ्या मूर्खपणामुळे नाही. हे शेवटचं मी बराच वेळ धरून बसले होते. खाटेवर जाऊन आडवीसुद्धा झाले. मला विमानाचं काही नाही ग. मला त्या कडीचं आहे. ती परत त्या खोलीत गेली तर या वेळी तिला बाहेर कोण काढणार? दोनदा सासरी परत पाठवलं ते मीच, आता त्या खोलीत पाठवणारीही मीच.

हे कुंकू एकदा आधीही झालं होतं. दहावीच्या परीक्षेला मी निघाले त्या सकाळी तू माझ्या हॉल तिकिटाला लावलंस, नेमकं फोटोवर आणि बैठक क्रमांकावर. मी जीपमध्ये बसल्यावर पिशवी उघडून पाहिलं. मी तुला सगळ्यांसमोर अडाणी म्हटलं. तू तरी माझ्याबरोबर दारव्ह्याला आलीस, कारण पहिल्याच पेपरला पोरीनं एकटं कसं जायचं असं तुला वाटत होतं. केंद्रावरच्या साहेबांनी मला गेटवर अडवलं, नंबर वाचता येत नाही म्हणाले. आत घंटा झाली, पोरी वर्गात गेल्या, मी बाहेर. मग तू पुढे आलीस, साहेबांची माफी मागितलीस, आणि अर्ध्या तासानं मला आत घेतलं. मी ही गोष्ट आजवर इतक्यांना सांगितली आहे, शाळेतल्या मास्तरांना, तुझ्या जावयांना, पोरीला. आमची आई अशी होती, माझ्यासाठी साहेबासमोर उभी राहिली, असं म्हणते मी. एवढंच सांगते.

त्यानंतर तू माझ्या कुठल्याच कागदाला बोट लावलं नाहीस. माझी नोकरीची ऑर्डर आली तेव्हा तू ताट घेऊन उभी होतीस. मी कागद पुढे केला नाही, तू मागितला नाहीस. दाराच्या चौकटीला कुंकू लावलंस आणि म्हणालीस, "कागदाले नको. कागद तुह्या कामाचा आहे." मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं.

जीपचा आवाज आला. पोरगी आली. थांबते.

आता साडेसात वाजलेत. काय झालं ते सांगते. ती आत आली, प्लग टेबलावर ठेवला, म्हणाली, "आई, पासपोर्ट दे, झेरॉक्सवाला सहाले बंद करते." मी छातीवर हात ठेवला होता, दुखतंय म्हणायला. म्हटलं नाही. पंख्याकडे बोट दाखवलं. तिनं स्वतःचा उचलला, शेवटचं पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे काय करून ठेवलं तू?"

मी म्हटलं, "पूजा केली."

"काहून?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पासपोर्ट घेऊन मागच्या खोलीत गेली. आणि मला कडीचा आवाज आला.

मी दाराशी जमिनीवर बसले. किती वेळ ते माहीत नाही. मी काय काय बडबडले तेही धड आठवत नाही. तुले दोनदा परत धाडलं ते चुकलं म्हटलं, पासपोर्टचं विसरून ते आधी म्हटलं. चार वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. आतून ती फोनवर बोलत होती, ज्यानं तिकिटं काढून दिली त्याच्याशी. तो म्हणे, मी खात्रीनं काही सांगू शकत नाही, नवा पासपोर्ट काढायला दिवस लागतील, तिकिटाची तारीख बदलत नाही. जाऊन पाहा, समोर बसलेल्या साहेबावर आहे. त्यानं सोडलं तर सुटाल. मग फोन बंद झाला आणि बराच वेळ काहीच आवाज नाही. तो वेळ मी कसा काढला ते माझं मला माहीत.

कडी निघाली. तिचे डोळे सुजले होते. ती माझ्याशेजारी जमिनीवरच बसली आणि म्हणाली, "तुहा दाखव." मी दिला. तिनं शेवटचं पान उघडलं, लाल डागातून वाचलं. "हे आजीचं नाव आहे काय? मले माहीतच नव्हतं आजीचं नाव." मी मान हलवली. ती म्हणाली, "जाऊ आपण. परत पाठवलं तर परत येऊ. पण साहेब विचारीन तर तू गडबडशील, मले माहीत आहे. आताच तयारी कर. समज, मी साहेब हाय." तिनं पाठ ताठ केली, पासपोर्ट माझ्यासमोर धरला, कुंकवावर बोट ठेवलं आणि जाड आवाज काढून विचारलं, "ही कोण तुमची?"

याडी, मला गेटवरचा साहेब आठवला. तेच शब्द होते. तिला काय माहीत!

आता ते सांगते जे मी कोणाला सांगितलं नाही. गेटवर तू पुढे आलीस, तुझ्या आरसे शिवलेल्या काचळी-चोळीत आणि फेटियाच्या घागऱ्यात, हातभर पांढऱ्या बलियांच्या बांगड्या, आणि म्हणालीस, "साहेब, म्या लावलं. पोरीचा दोष नाही." उशिरा आलेल्या दोन-तीन शहरातल्या पोरी मागे उभ्या होत्या, तुझ्या कपड्यांकडे पाहून तोंड दाबून हसत होत्या. साहेबांनी मला विचारलं, "ही कोण तुझी?" आणि मी म्हटलं, "कोणी नाही. आमच्या तांड्यातली हाय. सोबत आली." साहेब तुझ्यावर चिडले. "बाई, दुसऱ्याच्या पोरीच्या कागदाले हात कायले लावता?" तू माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. मग साहेबांपुढे हात जोडून म्हणालीस, "चुकलं, साहेब. दुसऱ्याच्या पोरीचं होतं." आणि मला आत सोडलं. संध्याकाळी जीपमध्ये तू फक्त विचारलंस, पेपर सोपा होता का. सोपा होता, याडी. मराठीचा होता. निबंधाला मी 'माझी आई' घेतला होता, आणि पुरवणी जोडली होती.

पोरगी बोट ठेवून थांबली होती. मी म्हटलं, "आई." ती म्हणाली, ऐकू नाही आलं, मोठ्यानं. मी परत म्हटलं. ती म्हणाली, "विमानतळावर केवढा गलका असते, आई, मोठ्यानं सांग." तिसऱ्यांदा मी एवढ्या मोठ्यानं म्हटलं की शेजारची बाई खिडकीत आली. पोरगी दचकली. मला विचारत राहिली, रडतेस काहून, आणि मी तिला कुंकवाचं सांगितलं, गेटवर मी काय म्हटलं होतं ते सांगितलं नाही. आत्ताही ती बॅगा बंद करते आहे आणि मी तिला सांगितलेलं नाही. उद्या सकाळच्या प्रवासातही सांगेन असं मला वाटत नाही.

उद्या साहेब सोडेल की नाही मला ठाऊक नाही. पोरीच्या पासपोर्टचं पान अजून फुगलेलंच आहे. यादीतल्या सगळ्या वस्तूंवर खुणा झाल्या आहेत, हा कागद यादीत नाही, म्हणून तो बॅगेत जाणार नाही. करंड्याखाली ठेवते. तुला एकच विचारायचं राहिलं होतं, की त्या दिवशी गेटवर 'कोणी नाही' हे तू नीट ऐकलं होतंस का. तू जिवंत असेपर्यंत मी ते विचारलं नाही. मला माहीत होतं, तू ऐकलं होतंस.